स्लीप ॲप्निया आणि ट्रेकिंग: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधे आता चाळिशी-पन्नाशीची मंडळी बरीच झालीत, आणि दर सीझनला कोणीतरी नवीन मेंबर हळूच बाजूला घेऊन विचारतो की "मला रात्री मशीन लावावं लागतं, मी येऊ का?" तेच तेच उत्तर व्हॉट्सॲपवर टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून टाकतोय. मी स्वतः स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, लावणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. तेव्हा औषधं, प्रेशर सेटिंग वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, इथलं वाचून बदलू नका.

मला स्लीप ॲप्निया आहे. ट्रेकिंग बंद करू का?

अजिबात नाही. चढताना तुम्ही जागे असता, ॲप्निया झोपेत होतो. रात्री घरी मशीन लावून नीट झोपलात आणि सकाळी उठून पेब, कलावंतीण किंवा खारघरच्या टेकड्या करून संध्याकाळी घरी आलात तर ॲप्नियाचा त्यात फारसा संबंधच येत नाही. हां, या आजाराबरोबर बीपी आणि हृदयाची दुखणी बऱ्याचदा जोडीने येतात, त्यामुळे खूप गॅपनंतर परत सुरू करत असाल तर तेवढं तपासून घ्या.

खरा प्रश्न मुक्कामाचा. बाकीचे लोक ट्रेक ठरवताना चढ किती, पाणी कुठे, गर्दी किती हे बघतात. आपण सगळ्यात आधी बघायचं की रात्री झोपायचं कुठे, तिथे वीज आहे का आणि दुसऱ्या दिवशी गाडी कोण चालवणार. ही तीन उत्तरं मिळाली की मग गड कुठला ते ठरवा.

हे नक्की होतं काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते किंवा अरुंद होते. छाती-पोट जोर लावत असतं पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागं करतो, श्वास सुरू होतो, परत झोप, परत बंद. तुम्हाला सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड आणि दिवसभर पेंग. असं तासाला किती वेळा होतं त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. आपला आकडा पाठ असू द्या कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

याला ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकार म्हणतात. दुसरा सेंट्रल, त्यात वाट मोकळी असते पण मेंदूच श्वास घ्यायचा सिग्नल देत नाही. सह्याद्रीत याची काळजी करायचं कारण नाही. हिमालयात आहे, ते खाली लिहिलंय.

टेस्ट केलेली नाही, पण टेंटमधले मित्र म्हणतात की घोरता घोरता तुझा श्वासच थांबतो.

मित्रांना चहा पाजा आणि टेस्ट करा. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं निदान असंच झालंय, घरी बायकोला सवय झालेली असते किंवा ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागलेली असते, आणि टेंटमधे फूटभर अंतरावर झोपलेल्या माणसाला मात्र रात्रभर मोजायला वेळच वेळ. जोरात घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणीतरी बघणं, बीपी, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पुरुष असणं, या आठ गोष्टींची स्टॉप-बँग नावाची यादी डॉक्टर वापरतात. तीन-चार जुळल्या तर शक्यता मध्यम, पाच किंवा जास्त असतील तर बरीच. आजकाल घरच्या घरी करायची स्लीप टेस्ट मिळते, यंत्र घरी आणून लावतात आणि सकाळी घेऊन जातात. ईएनटी किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा, ठाणे-वाशीत दोन्ही भरपूर आहेत.

बायकांनाही होतो बरं का, विशेषतः पाळी गेल्यानंतर. त्यांचं घोरणं कमी आणि थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं असं जास्त असतं, म्हणून ते "टेन्शन"मधे खपून जातं.

एकच रात्र आहे, मशीन घरी ठेवलं तर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सीपॅप आजार बरा करत नाही, हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतो, तेही चालू असतो तेवढाच वेळ. म्हणजे ज्या रात्री नाही लावला त्या रात्री घोरणं परत, श्वास अडकणं परत, आणि तेही दिवसभर दमून आल्यावर, म्हणजे झोप गाढ आणि बहुतेक वेळा पाठीवर.

सौम्य ॲप्निया असेल, बाकी तब्येत ठणठणीत असेल तर डॉक्टर कधी कधी म्हणतात की एखादी रात्र कुशीवर झोपा आणि निभवा. तीव्र असेल, ऑक्सिजन फार खाली जात असेल, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास असेल किंवा बीपी कंट्रोलमधे नसेल तर मशीन नाही म्हणजे मुक्काम नाही, इतकं सरळ ठेवा. डे ट्रेक करा. यात कमीपणा कसला.

नाइट ट्रेकचं काय? झोपायचंच नाही मग मशीन कशाला?

शेवटच्या कसारा लोकलने जायचं, जीप पकडून बारी गाव गाठायचं, रात्रभर कळसूबाई चढून सूर्योदय बघायचा आणि दुपारी परत, हा प्लॅन आपल्याकडे फार पॉप्युलर आहे. कागदावर बरोबर वाटतं, झोप नाही तर ॲप्निया नाही. पण प्रत्यक्षात लोकलमधे मान टाकून झोपता, जीपमधे झोपता, माथ्यावर तासभर जॅकेट ओढून पडता, खाली येऊन पोहे खाल्ले की तिथेच ओसरीवर आडवे होता. ही सगळी झोप मशीनशिवायची. आधीच ज्याची झोप अर्धवट असते त्याने वर एक पूर्ण रात्र गमवायची, आणि मग उतरताना त्या लोखंडी शिड्यांवर पाय टाकायचे.

नाइट ट्रेक करूच नका असं म्हणत नाही. आदल्या दोन-तीन रात्री मशीन लावून पूर्ण झोप काढा, दुपारी मशीन लावूनच एक झोप घ्या, परतीचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या. हे जमत नसेल तर पहाटे चारला निघून दिवसाचा कळसूबाई करा, सूर्योदय हुकेल पण बाकी डोंगर तोच आहे.

परतीच्या ड्रायव्हिंगवर एवढा भर का?

कारण कड्यावर सगळे जपून असतात आणि गाडीत कोणीच नसतं. ट्रेक संपला, पोट भरलं, एसी लावला, मागे सगळे झोपले आणि ज्याला ॲप्निया आहे तोच स्टिअरिंगवर, कारण इनोव्हा त्याची. माळशेज किंवा कसारा घाट उतरेपर्यंत माणूस टाइट असतो, घात होतो तो खाली सपाट सरळ रस्त्यावर, मुरबाड किंवा शहापूर ओलांडल्यावर. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात गाडी चालवताना डुलकी लागायचा धोका वाढतो, हे जगभरातल्या अभ्यासांत आलंय.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, च्युइंगम, याने फार तर पाच मिनिटं जातात. कॉफीला असर करायला वीस-तीस मिनिटं लागतात. मागचे दोन किलोमीटर कसे गेले आठवत नसेल, लेन सुटत असेल, जांभया थांबत नसतील तर गाडी ढाब्यावर घ्या आणि चावी दुसऱ्याला द्या. आमच्या ग्रुपमधे नियमच आहे, ज्याने रात्री मशीन लावलं नाही तो गाडी चालवत नाही. चिडतात लोक. चिडू देत. सगळ्यात सोपं म्हणजे लोकल, कसारा नाहीतर कर्जत लाइन पकडा आणि ठाण्यापर्यंत डुलत या.

घरचं मशीन न्यायचं की ट्रॅव्हलवालं घ्यायचं?

घरचं नेहमीचं मशीन ह्युमिडिफायरच्या (हवा ओलसर करणारा भाग) टाकीसकट साधारण सव्वा किलोचं, वर ॲडॉप्टरची वीट. ट्रॅव्हल मशीन खूप लहान येतात, उदाहरणार्थ रेसमेड कंपनीचं एअरमिनी साधारण 300 ग्रॅमचं आहे, तळहातावर मावतं. पण ट्यूब, मास्क, ॲडॉप्टर आणि बॅटरी धरून सॅकमधे किलो-सव्वा किलो जातंच. आणि एअरमिनीला ठराविकच मास्क बसतात, सेटिंग बदलायला फोनचं ॲप लागतं, आवाजही घरच्यापेक्षा थोडा जास्त. घेण्याआधी आपला मास्क त्याला बसतो का हे विचारा, नाहीतर मास्कचा खर्च वेगळा.

वर्षातून दोन-तीन मुक्काम असतील तर माझ्या मते वेगळं मशीन घ्यायची गरज नाही. टाकी काढून ठेवा, घरचंच न्या. दर महिन्याला बाहेर पडत असाल किंवा ऑफिससाठी फिरती असेल तरच विचार करा.

बॅटरी किती लागते? पॉवर बँकवर चालतं का?

चालतं, पण हिशोब करा. एमएएच विसरा, वॅट-अवर (बॅटरीत एकूण किती वीज मावते तो आकडा) बघा. पॉवर बँकवर 20,000 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं, म्हणजे 20,000 गुणिले 3.7 भागिले 1000, आले 74 वॅट-अवर. तसंच 27,000 वाली साधारण 100 वॅट-अवर.

आता खर्च. हीटर आणि ह्युमिडिफायर पूर्ण बंद असताना बहुतेक मशीन मध्यम प्रेशरला सरासरी 6 ते 10 वॅट खातात. 7 धरा, आठ तास झोप, झाले 56. व्होल्टेज वाढवताना 15-20 टक्के वाया जातात, म्हणजे 65-70 वॅट-अवर. थोडक्यात 20,000 ची बँक एका रात्रीला जेमतेम, 27,000 ची एका रात्रीला आरामात. तुमचं प्रेशर 14-15 असेल किंवा मास्क लीक होत असेल तर याहून जास्त. आणि ह्युमिडिफायर चालू ठेवलात तर हा हिशोब पूर्ण कोलमडतो, पहाटे दोनलाच मशीन बंद.

दुसरी भानगड व्होल्टेजची. काही मशीनना 24 व्होल्ट लागतात, काहींना 12. टाइप-सी पीडीवाली (फास्ट चार्जिंगची) पॉवर बँक जास्तीत जास्त 20 व्होल्ट देते (अगदी नवीन काही सोडल्या तर), म्हणून मधे कन्व्हर्टर केबल लागते. ॲडॉप्टरवर मागे आउटपुट लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढूनच दुकानात जा. एसी प्लगवाली पॉवर बँक किंवा इन्व्हर्टर वापरून घरचं ॲडॉप्टर लावता येतं पण डीसीचं एसी करायचं आणि परत एसीचं डीसी, यात बरीच वीज नुसती गरम होण्यात जाते. थेट डीसी केबल मिळत असेल तर तीच घ्या.

आणि हे सगळं आधी घरी करून बघायचं. शुक्रवारी रात्री घरच्या पलंगावर पूर्ण रात्र बॅटरीवर झोपा, सकाळी किती उरली बघा. तो आकडा कंपनीच्या बॉक्सवरच्या आकड्यापेक्षा खरा. थंडीत लिथियम बॅटरी कमी देते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर असाल तर ती बाहेर थंड दगडावर न ठेवता पांघरुणात घ्या, पण मशीन चालू असताना गुंडाळून ठेवू नका, तापते.

गाडी जवळ उभी राहते अशा कॅम्पिंगला, पवना किंवा भंडारदऱ्याला, मोठं पॉवर स्टेशन नेता येतं. 300 वॅट-अवरवालं तीन-चार किलोचं असतं, दोन-तीन रात्री निघतात. गाडीच्याच बॅटरीवर रात्रभर चालवू नका, सकाळी धक्का मारायला लागेल.

सोलर पॅनल?

सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकला वेडेपणा आहे. सॅकवर टांगलेलं 20 वॅटचं पॅनल चालता चालता त्याच्या निम्मंही देत नाही, जंगलात सावली, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. जास्तीची पॉवर बँक न्या.

गावात घरगुती मुक्काम केला तर वीज असतेच ना?

बहुतेक ठिकाणी असते. राजमाचीचं उधेवाडी, प्रबळमाची, हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई, रतनवाडी, सगळीकडे घरांत राहायची-जेवायची सोय होते. म्हणून ॲप्नियावाल्यांना माझा सल्ला असा की गडावर गुहेत किंवा टेंटमधे झोपायच्या ऐवजी पायथ्याला घरात झोपा, पहाटे उठून गड करा. पण जून ते सप्टेंबर तिथे एक मोठी सर आली की लाइट जाते आणि कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे बॅटरी तरीही हवी. फोन करून विचाराल तेव्हा "लाइट आहे का" विचारू नका, "आहे" म्हणणारच. "झोपायच्या खोलीत प्लग आहे का, आणि काल रात्री लाइट होती का" असं विचारा. सोबत पाच मीटरची एक्स्टेन्शन न्या, खोलीत एकच प्लग असतो आणि त्यावर दहा जणांचे फोन लागलेले असतात. मावशींना आधीच सांगून ठेवा की हे औषधाचं मशीन आहे, कोणी काढू नका.

ह्युमिडिफायरशिवाय घसा सुकत नाही का?

आपल्या हवेत पावसाळ्यात तरी नाही, इथे कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे घसा कसला सुकतोय. हिवाळ्यात घाटमाथ्यावर मात्र हवा कोरडी आणि गार असते, नाक चोंदतं. झोपण्याआधी साधा सलाइनचा नाकात मारायचा स्प्रे वापरा, ट्यूब पांघरुणाच्या आतून घ्या म्हणजे हवा थोडी कोमट येते. काही ट्रॅव्हल मशीनला पाण्याशिवाय चालणारं ओलावा धरून ठेवणारं छोटं फिल्टर मिळतं, ते चांगलं आहे.

धूळ, उंदीर, माकडं?

मशीन सरळ जमिनीवर ठेवू नका, खालची धूळ आणि शेणाने सारवलेल्या जमिनीची माती ते ओढून घेतं. उपडी पातेली, खोका, सॅक, काहीही चालेल, फक्त मागचं हवा घ्यायचं भोक मोकळं हवं. चुलीच्या धुरापासून लांब झोपा. जादा फिल्टर न्या, वजन शून्य.

गुहांमधे उंदीर असतात आणि खाऊच्या वासाने सॅकमधे शिरतात, तेव्हा मास्कच्या पिशवीत चिक्की ठेवू नका. दिवसा मशीन झिपलॉकमधे, त्यावर ड्राय बॅग, सॅकच्या मधोमध. माथेरानला माकडं हातातली पिशवी ओढतात, मशीन वेगळ्या झोळीत मिरवत नेऊ नका.

मास्क पुसायला अल्कोहोल नसलेले वाइप्स, मिळालं तर साबण आणि पिण्याचं पाणी. सनस्क्रीन आणि ओडोमॉस तोंडावर तसंच ठेवून मास्क लावला तर तो घसरतो आणि लीक होतो, आधी तोंड धुवा.

मध्यरात्री बॅटरी संपली तर गुदमरायला होतं का?

नाही. पूर्ण तोंडाच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो, नाकाचा असेल तर तोंड मोकळं असतं. पण मशीन बंद असताना मास्क लावून झोपून राहू नका, काढून टाका आणि कुशीवर व्हा. आणि उलटी होईल असं वाटत असेल, पोट बिघडलं असेल त्या रात्री तोंडावरचा मास्क लावू नका.

मशीनशिवाय काही उपाय आहे का?

दोन आहेत. पहिला कुशीवर झोपणं. काहींचा ॲप्निया मुख्यतः पाठीवर झोपल्यावरच होतो, स्लीप टेस्टच्या रिपोर्टमधे पोझिशनप्रमाणे आकडे दिलेले असतात, ते बघा. टी-शर्टच्या पाठीवर खिसा शिवून टेनिस बॉल घालायची जुनी युक्ती ट्रेकवर छान चालते, किंवा पाठीमागे रिकामी सॅक लावून झोपा. मॅटखाली थोडा चढ असेल तर डोकं वरच्या बाजूला.

दुसरा, डेंटिस्टकडून बनवून घ्यायचं दातांवर बसणारं उपकरण, जे खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. वीज नको, खिशात मावतं, ट्रेकरला याहून बरं काय. सौम्य आणि मध्यम ॲप्नियात उपयोगी पडतं, तीव्र असेल तर बहुतेकांना पुरत नाही. ऑनलाइन मिळणारं गरम पाण्यात टाकून चावायचं स्वस्तातलं घेऊ नका, दात आणि जबडा दुखून बसतो. मापाचं बनवून घेतल्यावर ते लावून परत एकदा टेस्ट करायची असते, हे बरेच जण करतच नाहीत.

वजन कमी केलं तर फरक पडतो, काहींचा आकडा खूप खाली येतो. डिसेंबर 2024 मधे अमेरिकेच्या एफडीएने टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियाच्या पेशंटसाठी मंजूर केलं, पण ती डॉक्टरांशी सावकाश बोलायची गोष्ट आहे, पुढच्या शनिवारच्या ट्रेकची नाही.

कॅम्पला थोडी घेतली तर?

पवनेच्या कॅम्पवाल्यांचा आवडता प्रश्न. दारूने घशाचे स्नायू अजून सैल होतात, ॲप्निया वाढतो, जागं व्हायलाही उशीर होतो. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची औषधं, तीच कथा. ज्या रात्री मशीन नाही त्या रात्री अजिबात नको. मशीन आहे आणि तरी घ्यायचीच असेल तर संध्याकाळी लवकर आणि कमी. बाकी तुमची मर्जी.

कळसूबाईवर उंचीचा त्रास होतो का? आणि हिमालयात?

कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यात उंच, पण 1646 मीटर. इथे उंचीमुळे ॲप्निया बिघडायची काळजी नको.

हिमालयाचं वेगळं. साधारण 2500 मीटरच्या वर हवा विरळ, शरीर जोरात श्वास घ्यायला लागतं, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मग झोपेत मेंदूला वाटतं की श्वासाची गरजच नाही आणि तो काही सेकंद थांबवतो, ऑक्सिजन घसरला की परत जोरात सुरू. हे निरोगी माणसालाही होतं. ॲप्नियावाल्याला घशाची वाट बंद होण्याच्या वर हे सेंट्रल प्रकारचं थांबणं येतं, आणि ऑक्सिजन मुळातच कमी असल्याने प्रत्येक थांबण्यात तो जास्त खाली जातो. सीपॅप घशाची वाट उघडी ठेवतो, मेंदूच्या सिग्नलचं तो काही करू शकत नाही. तरी मशीन न्यायचंच, निम्मा प्रॉब्लेम तर सुटतो.

मशीनलाही उंचीची मर्यादा असते. रेसमेडच्या एअरसेन्स 10 आणि एअरमिनीच्या माहितीपत्रकात 2591 मीटरपर्यंत असं लिहिलंय. लेह साधारण 3500 मीटरवर. केदारकंठाचा माथा 3800 च्या आसपास, सांदकफू 3636, एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364. त्या उंचीला मशीन चालू होईल पण ठरलेला दाब देईलच याची कंपनी खात्री देत नाही.

आपल्याकडची सगळ्यात धोक्याची पद्धत म्हणजे विमानाने थेट लेहला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी बाइक घेऊन खारदुंगला. लेहला निदान दोन दिवस शांत बसा. 3000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सगळ्यांसाठीचा नियम, आपल्यासाठी तर नक्कीच. पँगाँगला सव्वाचार हजार मीटरवर मुक्काम करण्यापेक्षा नुब्राला झोपा, ते लेहपेक्षाही खाली आहे. तीव्र ॲप्निया किंवा हृदय-फुफ्फुसाचं काही असेल तर आधी डॉक्टरांचा स्पष्ट होकार घ्या, आणि ते नको म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधत बसू नका.

डायमॉक्स घेतली की झालं ना?

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, उंचीवर श्वासाची ही चढउतार कमी करते हे खरं आहे. स्वित्झर्लंडमधे ॲप्नियाच्या पेशंटना डोंगरावर नेऊन केलेला एक अभ्यास 2012 मधे जामा या जर्नलमधे आला होता, त्यात ऑटो सीपॅपबरोबर (दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) ही गोळी दिलेल्यांचा रात्रीचा ऑक्सिजन नुसत्या सीपॅपवाल्यांपेक्षा चांगला राहिला. पण तो 2590 मीटरपर्यंतचा होता, पाच हजारचा नाही. आणि गोळी सीपॅपसोबत होती, त्याच्याऐवजी नाही. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास, बाकीची औषधं हे सगळं बघून डोस ठरतो, ट्रेक लीडरच्या डब्यातून घेऊ नका.

विमानात आणि ट्रेनमधे?

विमानात मशीन केबिनमधेच घ्या, चेक-इनला टाकू नका, फेकाफेकीत वाट लागते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. बॅटरी आणि पॉवर बँक फक्त केबिनमधे, 100 वॅट-अवरपर्यंत चालतं, 100 ते 160 मधे एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाही. म्हणूनच 27,000 च्या आसपासची बँक सोयीची.

ट्रेनमधे प्लग दिसला म्हणून खूश होऊ नका, बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे सॉकेट बंद करतात, म्हणजे नेमकी आपली झोपायची वेळ. बॅटरीवरच झोपायचं धरून चाला. वरच्या बर्थवर मशीन ठेवायला जागा नसते, खालचा किंवा साइड लोअर मिळाला तर बघा.

सगळ्यांसमोर मास्क लावायची लाज वाटते.

पहिल्या रात्री पोरं पायलट वगैरे म्हणतात, फोटो काढतात. दुसऱ्या रात्री तुमच्या शेजारी झोपायला भांडतात कारण अख्ख्या खोलीत न घोरणारे तुम्ही एकटेच.

ट्रेक लीडरला सांगायलाच हवं का?

हो. फॉर्ममधे मेडिकलच्या रकान्यात "निल" लिहू नका. आजाराचं नाव, मशीन लावता हे, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर लिहा. टेंट वाटताना काठावरची सपाट जागा, प्लगजवळची खोली, परतीला ड्रायव्हर कोण हे सगळं त्यालाच ठरवायचं असतं. तुमच्या टेंटमधल्या एकाला तरी मास्क कसा काढायचा ते दाखवून ठेवा. कोणी उठवूनही नीट जागं होत नसेल, ओठ निळे पडले असतील तर मशीनशी खेळत बसू नये, 108 ला फोन करावा.

सेकंडहँड मशीन घेऊ का, फक्त ट्रेकसाठी?

स्वस्त मिळतात, पण जपून. फिलिप्सने जून 2021 मधे आतल्या फोमच्या प्रॉब्लेममुळे बरीच मॉडेल परत बोलावली होती, त्यात ट्रॅव्हलवालं ड्रीमस्टेशन गो पण होतं. तेव्हा मॉडेल आणि सीरियल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रेशर तुमच्या प्रिस्क्रिप्शनप्रमाणे सेट करून घ्या, आधीच्या मालकाचं नाही. मास्क, ट्यूब आणि फिल्टर नवीनच.

घरी आल्यावर मशीनचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी, सोमवारवर ढकलू नका. फिल्टर काढून बघा, काळा-पिवळा झाला असेल तर बदला. मास्क आणि ट्यूब कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत टांगा, पावसाळ्यात ट्यूब आतून वाळायला दोन दिवस लागतात म्हणून मशीनला जोडून थोडा वेळ नुसती हवा सोडा. पॉवर बँक पूर्ण रिकामी ठेवून कपाटात टाकू नका, अर्ध्याच्या वर चार्ज करून ठेवा. मग ॲपमधे ट्रेकच्या रात्रीचे आकडे बघा, किती तास लावलं, लीक किती, एएचआय किती. लीक खूप दिसला तर पुढच्या वेळी मास्कचे पट्टे उशीऐवजी गुंडाळलेल्या जॅकेटवर डोकं ठेवून घरीच ॲडजस्ट करून बघा.